मावशीला दिलेला ‘करंट’ म्हणजे नेमकं काय

दिवाळीत निपाणीला मावशीकडं गेले होते. ती जेवायला बसली की ताटाशेजारी तांब्या लागतोच, भाकरी आमटीत पार कुस्करून भिजवायची, एक घास घ्यायचा, वर पाण्याचा एक घोट, परत घास, परत घोट. तोंडात लाळच सुटत नाही तिच्या. बावीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम, त्यात मिश्रीची सवय, आणि तीन वर्षांपूर्वी गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि मग ३३ वेळा ‘करंट’ दिला. आमच्या भागात रेडिएशनला करंटच म्हणतात, वॉर्डातल्या कन्नड बायका पण करंटच म्हणत होत्या, कोण ‘शेक’ म्हणतं, कोण ‘लाईट’.

तर ती जेवता जेवता मला म्हणाली, “तू डाक्टर न्हवंस, नर्स न्हवंस, मग क्यान्सरचं काय करालीस गं तिथं?” मी म्हणाले, मशीनचं काम आहे मावशी, पीएचडी. ती बरं म्हणाली आणि गप्प बसली. मला ते लागलं मनाला, कारण ज्या माणसानं ३३ दिवस त्या मशीनखाली काढले त्याला मी एका ओळीत वाटेला लावलं. म्हणून आता सगळं नीट लिहितेय, तिच्यासाठी आणि असा प्रश्न पडणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, करंट अंगात सोडत नाहीत. आणि तो शेकही नव्हे. रेडिएशनचा डोस ‘ग्रे’ ह्या मापात मोजतात, एक किलो शरीरात एक जूल ऊर्जा गेली की एक ग्रे. मावशीला रोज २ ग्रे असे ३३ दिवस, म्हणजे एकूण ६६ ग्रे. ऐकायला मोठं वाटतंय पण रोजच्या त्या २ ग्रेनं गालाचं तापमान किती वाढत असेल? साधारण अर्ध्या सहस्रांश अंशानं, म्हणजे ०.०००५ डिग्री. कपभर चहा पिला तर ह्याच्या कितीतरी हजारपट उष्णता पोटात जाते. मग एवढ्याशा ऊर्जेनं गाठ मरते कशी, तर ही ऊर्जा सगळीकडं सारखी पसरत नाही, ती बारीक बारीक टाचण्या टोचाव्या तशी नेमक्या रेणूंवर जाऊन आपटते. पेशीतला डीएनए म्हणजे दोन पदरी दोरी समजा, दोन्ही पदर एकमेकांच्या जवळच तुटले की पेशीला ते सांधणं जड जातं. चांगल्या पेशी हे सांधायचं काम बऱ्यापैकी करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून एकदम सगळा डोस न देता रोज थोडा थोडा देतात, मध्ये चांगल्या पेशींना सावरायला एक रात्र मिळते. त्यासाठीच त्या ३३ खेपा.

आता मशीन. मावशी ज्याखाली झोपायची त्याला लिनॅक म्हणतात, म्हणजे सरळ रेषेतला त्वरक. त्वरण हा शब्द आपण नववीत मराठी मीडियमला शिकलो, वेग वाढत जाणं, तर वेग वाढवणारं यंत्र तो त्वरक. आत तांब्याची एक पोकळ नळी असते, तिच्यात एकापुढं एक कप्पे, आणि आतली सगळी हवा काढून टाकलेली. एका टोकाला तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि नळीत सोडलेल्या मायक्रोवेव्ह लहरींवर स्वार होऊन पुढं पळतात. ह्या लहरी बनवणारा मॅग्नेट्रॉन म्हणजे घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतो त्याचाच थोरला भाऊ, फक्त हा काही मायक्रोसेकंदांच्या धक्क्यात मेगावॅटमध्ये ताकद देतो. नळीच्या शेवटाला इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या ९९ टक्क्यांच्या वर गेलेला असतो, तिथं ते टंगस्टनच्या तुकड्यावर आपटतात आणि त्यातून एक्सरे निघतात. पेशंटच्या अंगात जातात ते हे एक्सरे, छातीचा फोटो काढतात तसलेच पण कितीतरी जास्त ताकदीचे.

ह्या तांब्याच्या कप्प्यांचं माप किती काटेकोर लागतंय बघा. तांबं एक डिग्रीनं जरी तापलं तरी ते फुगतं, आणि नळीची जी ३०० कोटी हर्ट्झची स्वतःची कंपनसंख्या असते ती ५० हजार हर्ट्झनं सरकते, म्हणून सतत ठरलेल्या तापमानाचं पाणी खेळवत ठेवावं लागतं. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये लेथवर काम करणारी आपली पोरं आहेत, त्यांना दहा मायक्रॉन म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. मला तर नेहमी वाटतं की ह्या विषयातला निम्मा भाग त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पण एक्सरेची एक खोड आहे. तो अंगात शिरला की कातडीखाली दीड सेंटिमीटरवर डोस सगळ्यात जास्त असतो, तिथून पुढं हळूहळू कमी होत जातो, दहा सेंटिमीटरवर साधारण दोन तृतीयांश उरतो, आणि उरलेला गाठीच्या मागं जे काही असेल त्यातून आरपार जातो. गाठीपाशी थांब म्हणून त्याला सांगता येत नाही. मग वेगवेगळ्या दिशांनी मारतात, मध्ये टंगस्टनच्या पातळ पट्ट्या सरकवून आकार देतात, त्यानं खूप फरक पडला हे खरं आहे, पण आरपार जायचा तो जातोच. गालाच्या कॅन्सरला कानाच्या खाली पुढच्या बाजूला जी मोठी लाळेची ग्रंथी असते ती अगदी शेजारीच. तिला सरासरी २५-२६ ग्रेच्या आत ठेवलं तर लाळ बऱ्याच अंशी परत येते, वर गेलं की अवघड. मावशीचा तांब्या इथून आला.

इथं प्रोटॉन येतो. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा, इलेक्ट्रॉनपेक्षा १८३६ पट जड. आणि ह्याची चाल एकदम वेगळी. आठवडी बाजाराचं उदाहरण घेते. खिशात भरपूर पैसे घेऊन एक माणूस बाजारात शिरला, पण तो पळत सुटलाय, कुठल्याच दुकानापुढं थांबत नाही, म्हणून पैसे जवळजवळ खर्चच होत नाहीत. थोडे थोडे जातात आणि जितके जातात तितकी त्याची चाल मंदावते, चाल मंदावली की दुकानदार हाक मारायला लागतात, दोन ठिकाणी थांबतो, अजून खर्च, अजून मंद, आणि शेवटच्या चार पावलांत सगळा खिसा रिकामा करून तो तिथंच बसतो. पुढच्या दुकानांना एक पैसा मिळत नाही. प्रोटॉनचं डिट्टो तसंच, वेगात असताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना ओढायला वेळच कमी मिळतो, हळू झाला की प्रत्येकाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, आणि थांबायच्या जरा आधी सगळी ऊर्जा टाकून मोकळा होतो. ह्या टोकाला ब्रॅग पीक म्हणतात, विल्यम ब्रॅग ह्यांनी विसाव्या शतकाच्या सुरवातीला हे अल्फा कणांबाबत पाहिलं होतं.

म्हणजे प्रोटॉनला किती वेग देऊन सोडायचा हे ठरवलं की तो कुठं थांबेल हे ठरलं. एमईव्ही हे कणांची ऊर्जा मोजायचं माप, ७० एमईव्ही ऊर्जा दिली तर पाण्यात ४ सेंटिमीटर, १५० दिली तर पावणेसोळाच्या आसपास, २३० दिली तर ३३ सेंटिमीटर. आपलं शरीर बहुतांश पाणीच, त्यामुळं अंदाज बऱ्यापैकी लागतो. गाठीला जाडी असते म्हणून वेगवेगळ्या ऊर्जेचे थर एकावर एक रचत जायचे.

ही कल्पना नवी नाही. रॉबर्ट विल्सन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९४६ साली लिहून ठेवलं होतं की वेगवान प्रोटॉन कॅन्सरवर वापरता येतील, आणि १९५४ ला बर्कलेमध्ये पहिल्या पेशंटवर ते केलं गेलं. विल्सन हे अर्नेस्ट लॉरेन्सचे विद्यार्थी, आणि लॉरेन्सनी सायक्लोट्रॉन शोधला, म्हणजे कणांना गोल फिरवत पळवणारा त्वरक, पहिला तर तळहातात मावेल एवढाच होता. ह्या लॉरेन्सची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांच्या आईला कॅन्सर झाला, ऑपरेशन होणार नाही असं सांगितलं होतं, आणि १९३० च्या दशकात त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या माणसानं बनवलेल्या मोठ्या एक्सरे मशीनवर तिचा उपचार केला, आणि ती बाई पुढं कित्येक वर्षं जगली. घरात कुणाला झाला की मशीनकडं बघायची नजर बदलते, हे तिकडं काय आणि निपाणीत काय सारखंच.

दवाखान्यासाठी म्हणून बांधलेलं पहिलं प्रोटॉन केंद्र १९९० मध्ये अमेरिकेत लोमा लिंडाला झालं. आपल्याकडं २०१९ ला चेन्नईत एका खाजगी हॉस्पिटलनं सुरू केलं आणि २०२३ पासून टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात सुरू झालं. विल्सनच्या लेखापासून मोजलं तर आपल्यापर्यंत यायला सत्तर वर्षांच्या वर गेली. उशीर का, ह्याचं उत्तर म्हणजेच माझ्यासारख्यांचं काम.

प्रोटॉन जड, पळवताना त्याला गोल वळवत ठेवायला मोठं चुंबक लागतं. प्रोटॉन थेरपीचा नेहमीचा सायक्लोट्रॉन दोनशे टनांच्या वर भरतो, सुपरकंडक्टिंग, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अडथळाच न करणाऱ्या तारांच्या चुंबकाचा घेतला तरी नव्वदच्या आसपास. पंचमीच्या झोक्याला जसा नेमक्या वेळी हात लावला की तो वर वर जातो तसं प्रोटॉन प्रत्येक फेरीत धक्का खात खात बाहेरच्या गोलात सरकतो, आणि बाहेर पडताना त्याचा वेग प्रकाशाच्या ६० टक्के झालेला असतो. पण अडचण अशी की सायक्लोट्रॉनमधून प्रोटॉन एकाच ऊर्जेनं बाहेर पडतो, समजा २३०. सगळ्यांच्या गाठी थोड्याच ३३ सेंटिमीटर खोल असतात? मावशीची गाठ तर गालात, दोन-चार सेंटिमीटरवर. मग करतात काय, वाटेत ग्रॅफाइटचा, म्हणजे पेन्सिलीतल्या शिसाच्या जातीच्या कार्बनचा जाड-पातळ होणारा ठोकळा आडवा घालतात, त्यातून जाताना प्रोटॉन हवा तेवढा मंद होतो. ह्याला डिग्रेडर म्हणतात. माझी पीएचडी ह्या ठोकळ्यावर आणि त्याच्या पुढच्या पंधरा-वीस मीटरवर आहे.

सोपं वाटतंय ना, वेग कमी करायचा एवढंच. पण ठोकळ्यातून निघालेले प्रोटॉन आत गेले तसे राहत नाहीत, कोण डावीकडं फेकला गेला, कोण उजवीकडं, कुणाचा वेग थोडा जास्त कमी झाला कुणाचा थोडा कमी. तो सगळा पसारा पेशंटवर सोडता येत नाही म्हणून पुढं फटी लावून जे सरळ आणि बरोबर वेगाचे आहेत तेवढेच पुढं जाऊ देतात, बाकीचे तिथंच धातूत जिरतात. जितकं जास्त मंद करायचं तितका पसारा जास्त. ७० एमईव्हीपर्यंत खाली आणलं तर शंभरातला एकसुद्धा प्रोटॉन शेवटपर्यंत पोचत नाही. बाकी ९९ जिथं आपटले तिथं न्यूट्रॉन सुटतात, ते भाग किरणोत्सारी होतात, म्हणून भिंती जाड, खर्च वाढला, आणि बीम, म्हणजे प्रोटॉनचा झोत, क्षीण म्हणून पेशंटला जास्त वेळ आडवं ठेवायचं.

आणि हा पसारा आवरायला चुंबकं असतात, त्यांची पण गंमत आहे. चौध्रुवी चुंबक बीमला आडव्या बाजूनं दाबतं तेव्हा उभ्या बाजूनं तो पसरतो, भाकरीचा गोळा दोन्ही तळव्यांत दाबला की दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो अगदी तसा. म्हणून एक चुंबक आडवं दाबणारं, पुढचं उभं दाबणारं, त्यात अंतर बरोबर ठेवलं की दोघांचा मिळून निव्वळ परिणाम आवळण्याचा होतो. पण एक नियम कुणालाच मोडता येत नाही, बीमची जाडी कमी केली की त्यातल्या कणांच्या दिशा जास्त विस्कटतात, दिशा सरळ केल्या की जाडी वाढते, दोन्हीचा गुणाकार आहे तेवढा राहतो. ह्या गुणाकाराला एमिटन्स म्हणतात आणि माझ्या गाईडच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा हा शब्द असतो. ठोकळ्यात तो एकदा वाढला की चुंबकं तो कमी करू शकत नाहीत, फटीनं कापून टाकणं एवढाच उपाय. त्यामुळं माझं काम म्हणजे ठोकळा कशाचा करायचा, ग्रॅफाइटच्या जागी बोरॉन कार्बाइड घेतलं तर थोडे जास्त प्रोटॉन वाचतात, ठोकळ्यावर पडताना बीम किती बारीक असावा, पुढची चुंबकं किती रुंद तोंडाची ठेवावीत म्हणजे विस्कटलेलेसुद्धा आत मावतील.

दिवस कसा जातो असं कुणी विचारलं तर बहुतेक कॉम्प्युटरपुढं. संध्याकाळी काही लाख प्रोटॉन सोडून देते प्रोग्रॅममध्ये, प्रत्येकजण ठोकळ्यातल्या अणूंवर कसा कसा आपटेल हे तो रात्रभर मोजत बसतो, सकाळी येऊन बघायचं कितीजण पोचले. एकदा सलग तीन आठवडे आकडा जुळत नव्हता, शेवटी कळलं एका चुंबकाच्या आकड्याचं अधिक-उणे चिन्ह मी उलटं घातलं होतं, दाबायच्या जागी ते पसरवत होतं. मग वर्षातून काही दिवस खऱ्या बीमवर मोजमाप करायला मिळतं, तेही रात्री, कारण दिवसा पेशंट असतात. त्या रात्री मला झोप येत नाही.

दुसरे लोक दुसऱ्या अडचणी सोडवतायत. एक मोठी म्हणजे प्रोटॉन कुठं थांबला हे नक्की किती खात्रीनं सांगता येतं. सीटी स्कॅनवरून मोजतात पण त्यात तीन-साडेतीन टक्क्यांची चूक धरून चालावं लागतं, १५ सेंटिमीटर खोल गाठ असली तर पाच मिलिमीटर झाले. जो गुण म्हणून आपण प्रोटॉन घेतला, बरोबर थांबणं, तोच पाच मिलिमीटर पुढं थांबला तर घात. छातीतली गाठ तर श्वासाबरोबर हलते, तिथं बीमला तिच्यामागं पळवायचं म्हणजे ऊर्जा झटकन बदलता आली पाहिजे. आणि एक अगदी नवा विषय फ्लॅश, २०१४ मध्ये पॅरिसच्या गटानं उंदरांवर दाखवलं की नेहमी काही मिनिटांत देतात तो डोस सेकंदाच्या छोट्या भागात दिला तर गाठ तशीच मरते पण चांगल्या पेशींना इजा कमी होते. का होते ह्यावर अजून वाद चाललाय. २०१८ ला स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या माणसावर वापरलं. फ्लॅशला बीम भरपूर लागतो, आणि आमच्या ठोकळ्यात तर ९९ टक्के हरवतो, म्हणजे बघा कसं सगळं फिरून तिथंच येतंय.

आता एक मनातलं बोलते. माझा विषय प्रोटॉन असला तरी आपल्या भागाला सगळ्यात आधी प्रोटॉनच पाहिजे असं मी म्हणणार नाही. मावशीचे १९ करंट झाले आणि त्या हॉस्पिटलचा लिनॅक बंद पडला. पार्ट बाहेरून यायचा होता. नऊ दिवस. रोज फोन करायचा, रोज उद्या या म्हणायचे, एकदा तर आम्ही गाडी करून गेलो आणि तसेच परत आलो, ती पूर्ण वाटेत एक शब्द बोलली नाही. तोंडा-गळ्याच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला की उरलेल्या पेशी परत वाढायला लागतात, लांबलेल्या प्रत्येक दिवसामागं गाठ काबूत येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याच्या आसपास घटते असं अभ्यासांतून दिसलंय. तेव्हा लाईट गेली आली, व्होल्टेज वरखाली झालं, एसी बंद पडला तरी टिकेल आणि बिघडला तर इथलाच माणूस दुरुस्त करू शकेल असा साधा दणकट लिनॅक बनवणं हीसुद्धा पीएचडीच आहे, आणि माझ्या मते आज ती जास्त गरजेची आहे. मुंबईच्या समीर ह्या सरकारी संस्थेनं ६ एमव्हीचा, म्हणजे साठ लाख व्होल्ट ताकदीचा लिनॅक देशात बनवून दाखवलाय, भाभा अणुसंशोधन केंद्रानं कोबाल्टवर चालणारं भाभाट्रॉन हे रेडिएशनचं मशीन बनवलंय, म्हणजे जमत नाही असं नाही. प्रोटॉन लहान मुलांना, डोळ्याच्या, मेंदूच्या तळाच्या गाठींना द्यावा, तिथं त्याचा फायदा सगळ्यात जास्त.

बीएस्सी करणाऱ्या पोरापोरींसाठी थोडं. ह्यात यायला मेडिकल लागत नाही. फिजिक्समध्ये एमएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून जेस्ट, नेट नाहीतर गेट ही परीक्षा द्यायची. इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, कोलकात्याचं सायक्लोट्रॉन केंद्र, दिल्लीचं इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सिलरेटर सेंटर, ह्या ठिकाणी त्वरकावर काम चालतं. मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची, बेळगावला कॉलेजात पहिले सहा महिने लेक्चर डोक्यावरून जायचं, पण चुंबकाला मराठी-इंग्लिश-कन्नड काही कळत नाही, गणित बरोबर असलं की तो बीम वळवतो.

दिवाळीतली अजून एक गोष्ट. मावशीनं तिचा मास्क घरी आणून ठेवलाय, पांढऱ्या जाळीचा, गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात आणि टेबलाला अडकवतात म्हणजे डोकं हलत नाही. दाराच्या मागं खुंटीला आहे तो, नाकाचा, हनुवटीचा आकार तसाच्या तसा, गालावर चिकटपट्टी आणि त्यावर पेनानं मारलेली फुली. मी तिच्या नातवाची पट्टी घेतली आणि फुलीपासून कानाखालच्या जागेपर्यंत मोजलं. साडेसहा सेंटिमीटर भरलं. माझ्या ग्राफच्या अगदी डाव्या टोकाला, जिथं शंभरातला एकसुद्धा प्रोटॉन पोचत नाही, तिथंच असल्या कमी खोलीच्या गाठी येतात. ती म्हणाली, “काय मोजालीस?” मी म्हणाले, मावशी, मी हेच काम करते तिथं, किरण इथं थांबला पाहिजे आणि इथपर्यंत जायला नको. तिनं मास्क हातात घेतला, फुलीवर बोट ठेवलं, मग कानाखाली ठेवलं, आणि म्हणाली, “एवढं तर अंतर हाय की गं. मग का न्हाई थांबत?”

परत आल्यावर मी ७० एमईव्हीचं सिम्युलेशन परत लावलंय, ह्या वेळी बोरॉन कार्बाइडनं.